घरच्या घरी रेकॉर्डी डिजिटल करायच्यात? नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मुळात लागतं काय काय?

टर्नटेबल, त्याला चांगल्या स्थितीतली सुई, फोनो प्रीॲम्प, ऑडिओ इंटरफेस (आवाज डिजिटल करून कॉम्प्युटरला देणारी डबी) आणि कॉम्प्युटर, बास. आवाज याच क्रमाने पुढे जातो, आणि आधीच्या पायरीवर जे हरवलं ते पुढच्या पायरीवर परत मिळत नाही, हे एकदा नीट लक्षात घेतलं की बाकीचे निम्मे प्रश्न आपोआप सुटतात. बरेच जण आठवडाभर कुठलं सॉफ्टवेअर चांगलं यावर डोकं खपवतात आणि सुई किती जुनी आहे ते मात्र कुणालाच माहीत नसतं. माझं मत स्पष्ट आहे, पैसे आणि मेहनत आधी सुईवर आणि रेकॉर्ड धुण्यावर घाला, सॉफ्टवेअर फुकटचं असलं तरी चालतं. ऑडॅसिटी घ्या, या कामाला भरपूर आहे.

फोनो प्रीॲम्प कशाला? टर्नटेबल डायरेक्ट लाइन-इनला लावलं तर?

आवाज येईल, पण अगदी बारीक आणि चिरका, बास गायब. याची कारणं दोन आहेत. पहिलं म्हणजे नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून (सुई जिच्यात बसते ती डबी) येणारा सिग्नल असतो जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट, तो साधारण शंभर पट वाढवल्याशिवाय लाइन इनपुटच्या कामाचा होत नाही. आणि दुसरं कारण जास्त महत्त्वाचं, रेकॉर्डची खाच कोरतानाच खालचे सूर मुद्दाम कमी करून आणि वरचे वाढवून कोरलेले असतात. यालाच आरआयएए कर्व्ह म्हणतात, १९५४ मध्ये हे प्रमाण ठरलं, आणि त्यात २० हर्ट्झला साधारण २० डेसिबल कमी तर २० किलोहर्ट्झला जवळपास तेवढंच जास्त असतं. बास पूर्ण ताकदीने कोरला तर खाच इतकी रुंद होईल की एलपीच्या एका बाजूला वीसबावीस मिनिटं मावणारच नाहीत, म्हणून तो कमी केला, आणि वरचे सूर आधी वाढवून वाजवताना परत खाली आणले की त्यांच्यासोबत रेकॉर्डची सरसरही खाली येते. प्रीॲम्प हे सगळं उलटं फिरवून मूळ आवाज देतो.

एक काळजी मात्र घ्या. बऱ्याच टर्नटेबलमध्ये प्रीॲम्प आतच असतो आणि मागे फोनो / लाइन असं बटण असतं. बाहेरचा प्रीॲम्प लावला असेल तर हे बटण फोनोवर ठेवा. दोन्ही एकदम चालू राहिले तर आवाज फाटतो आणि बास नुसता घुमतो.

युएसबी टर्नटेबल घेतलं की काम झालं ना?

काम होतं, दर्जा मॉडेलवर आहे. अगदी स्वस्तातल्या, सुटकेससारख्या दिसणाऱ्या मशीनमध्ये सिरॅमिक कार्ट्रिज असतं, सुईचं वजन जास्त पडतं आणि ते ॲडजस्टही करता येत नाही, त्यावर जपून ठेवलेली रेकॉर्ड लावू नका एवढंच मी सांगेन. पण ज्याचं कार्ट्रिज बदलता येतं आणि टोनआर्मला (सुई धरणाऱ्या दांड्याला) मागे वजन आहे असं युएसबी टर्नटेबल असेल तर खुशाल वापरा, आणि पुढे वाटलंच तर त्याचंच लाइन आउटपुट काढून वेगळ्या इंटरफेसला देता येतं.

लॅपटॉपच्या माईकच्या भोकात वायर लावली तर?

नको. ते बहुतेक वेळा मोनो असतं, माईकसाठी बनवलेलं असतं, त्यामुळे लाइनचा सिग्नल त्याला झेपत नाही, आणि आतल्या सर्किटचा किरकिराट सगळा रेकॉर्डिंगमध्ये येतो. साधा दोन चॅनलचा युएसबी इंटरफेस घ्या. बेहरिंगरचा यूसीए२०२ हा अगदी साधा, १६ बिटचा (बिटचं पुढे येतंच), त्यावरही ऐकण्याजोगं काम होतं. यूएमसी२०२एचडी किंवा फोकसराइट स्कार्लेट २आय२ यात २४ बिट मिळतात आणि पुढे लेव्हल कमीजास्त करायच्या गोळ्या (नॉब) असतात, त्याने आयुष्य सोपं होतं. इनपुट लाइनवर ठेवा, गिटारवालं ‘इन्स्ट’ बटण बंद, फँटम पॉवर (माईकला वीज देणारं बटण) बंद.

सुई बदलायची वेळ आली हे कसं ओळखायचं?

डायमंड सुई साधारण ५०० ते १००० तास चालते, तिचा आकार कसा आहे आणि रेकॉर्डी किती स्वच्छ वाजवल्या यावर ते ठरतं. कानाला कळणारी खूण म्हणजे ‘स’, ‘श’ ही अक्षरं थुंकल्यासारखी ऐकू येतात आणि रेकॉर्डच्या आतल्या बाजूची गाणी खरखरीत होतात. पण खरं सांगायचं तर कानाला कळेपर्यंत थांबायचंच नसतं, कारण झिजलेल्या सुईला धारदार कडा येतात आणि ती खाचेच्या भिंती खरवडते, मग तो आवाज कायमचा गेला. जुनं टर्नटेबल कुणाकडून मिळालं असेल आणि सुईचा इतिहास माहीत नसेल तर विचार करत बसू नका, नवी घाला.

कलेक्शन मोठं असेल तर सुईच्या आकाराकडेही बघा. साधी गोल टोकाची सुई खाचेतले सगळ्यात बारीक वळसे नीट वाचू शकत नाही, लंबगोल म्हणजे एलिप्टिकल सुई ते बरंच जास्त वाचते, आणि मायक्रोलाइन किंवा शिबाटासारखे आकार त्याहूनही जास्त. डिजिटल करणं हे एकदाच करायचं काम आहे, तर निदान एलिप्टिकल तरी असावी.

आणि हो, वजन. कार्ट्रिजच्या कागदावर ट्रॅकिंग फोर्स दिलेला असतो, बऱ्याच कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅमच्या आसपास. टोनआर्मवरच्या आकड्यावर विश्वास न ठेवता छोट्या डिजिटल काट्यावर मोजा. वजन कमी ठेवलं तर रेकॉर्ड वाचते असं पुष्कळ लोकांना वाटतं, ते उलटं आहे, हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते. अँटीस्केट (टोनआर्म आत ओढला जातो त्याचा तोल सावरणारी सोय) साधारण तेवढ्याच आकड्यावर ठेवून सुरुवात करा. कार्ट्रिज तिरकं बसलं नाही ना हे प्रोट्रॅक्टरने (कोन तपासायच्या खुणांच्या पट्टीने) बघून घ्या.

रेकॉर्डी कशा धुवायच्या?

आधी कोरडी धूळ, ती कार्बन फायबरच्या ब्रशने, रेकॉर्ड फिरत असताना हलक्या हाताने. एवढ्याने भागलं तर छान. नाही भागलं, आणि जुन्या रेकॉर्डीचं सहसा नाहीच भागत, तर ओली धुवायची. डिस्टिल्ड वॉटर घ्या, नळाचं नको कारण त्यातले क्षार सुकून खाचेत बसतात. त्यात रेकॉर्डसाठीच मिळणारं क्लिनिंग लिक्विड, किंवा थोडंसं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि वास नसलेल्या डिटर्जंटचे एकदोन थेंब, मग मऊ ब्रशने खाचांच्या दिशेने गोल फिरवत, कधीही आडवं घासायचं नाही. नंतर नुसत्या डिस्टिल्ड वॉटरने परत धुवायचं, ही पायरी लोक गाळतात आणि मग साबणाचा थर सुईवर जमा होतो. लेबल ओलं होऊ देऊ नका. उभी ठेवून पूर्ण सुकवा, आणि धुतलेली रेकॉर्ड परत त्या जुन्या मळक्या कागदी पाकिटात घालू नका, नवं आतलं कव्हर घ्या.

व्हॅक्यूमवालं मशीन किंवा अल्ट्रासॉनिक मशीन कुणाकडे असेल तर उत्तमच, पहिलं मळ पाण्यासकट ओढून घेतं, दुसरं तो खाचेतून सुटा करतं. लाकूड चिकटवायचा गोंद ओतून वाळवून सोलायची युक्ती व्हिडिओत फार छान दिसते पण मी सुचवणार नाही, एखादा तुकडा खाचेत अडकला की काढता काढता नाकी नऊ येतात. सुईसुद्धा साफ करा, मागून पुढे, फक्त त्याच दिशेने.

इतकं सगळं का तर धुतल्याने जी टकटक जाते ती संगीताला हात न लावता जाते. सॉफ्टवेअरने काढलेली टकटक तशी जात नाही, तिथला मूळ आवाज कापून त्या जागी अंदाजाने काहीतरी भरलेलं असतं.

७८ च्या जुन्या जड रेकॉर्डीही अशाच करायच्या का?

नाही, या मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या रेकॉर्डींचं सगळंच वेगळं. त्या बहुतेक शेलॅकच्या असतात आणि शेलॅक अल्कोहोलमध्ये विरघळतं, म्हणून वरचं मिश्रण त्यांना चुकूनही लावू नका, अल्कोहोल नसलेलं लिक्विड घ्या आणि पटकन पुसून वाळवा. खाच रुंद असते, एलपीच्या सुईचं टोक तिच्या तळाला घासत जातं आणि नुसती सरसर ऐकू येते, ७८ साठी साधारण ७० मायक्रॉनच्या आसपासची वेगळी सुई लागते, एलपीची असते १८ मायक्रॉनच्या आसपास. आणि यातल्या बऱ्याचशा आरआयएए ठरायच्या आधीच्या असल्यामुळे त्यांचा कर्व्ह कंपनीप्रमाणे बदलतो, तो नंतर इक्वलायझरने कानाला पटेल तसा बसवावा लागतो.

टर्नटेबलला ७८ चा स्पीडच नसेल तर ४५ वर रेकॉर्ड करून सॉफ्टवेअरमध्ये स्पीड वाढवता येतो, साधारण ७३.३ टक्के. चालून जातं, पण तेव्हा प्रीॲम्पचा कर्व्हसुद्धा आवाजाबरोबर वर सरकतो हे ध्यानात ठेवा.

१६ बिट की २४ बिट? ४४.१, ९६ की १९२?

बिट म्हणजे आवाजाची पातळी किती बारीक मोजली, आणि किलोहर्ट्झचा आकडा म्हणजे सॅम्पल रेट, सेकंदाला किती हजार वेळा मोजली. यावर लोक तासन् तास भांडतात. माझं उत्तर, रेकॉर्ड करताना २४ बिट, ९६ किलोहर्ट्झ, आणि ऐकायला काढताना हवं तर १६ बिट ४४.१.

आता का ते. विनाइलची आवाजाची रेंज, म्हणजे सरसरीपासून सगळ्यात मोठ्या आवाजापर्यंतचं अंतर, चांगल्या रेकॉर्डवर साधारण ६० ते ७० डेसिबल असतं. १६ बिटमध्ये ९६ डेसिबल मावतात, म्हणजे नुसत्या साठवणीला १६ पुरतात. पण रेकॉर्ड करताना पुढे कुठलं गाणं किती मोठं होणार हे माहीत नसतं, तुम्ही लेव्हल खाली ठेवता, नंतर एडिटिंग करता, आवाज वाढवता, या सगळ्यासाठी २४ बिटची मोकळी जागा उपयोगाची असते. ९६ किलोहर्ट्झचं कारण असं की टकटक हा फार अचानक येणारा आवाज असतो, जास्त सॅम्पल रेटवर तो संगीतापासून जास्त वेगळा दिसतो आणि सॉफ्टवेअरला पकडायला सोपा जातो. १९२ ने फाईल दुप्पट होते, बाकी मला काही फरक ऐकू आलेला नाही.

जागेचं म्हणाल तर २४ बिट ९६ ला स्टिरिओची एक मिनिट म्हणजे साधारण ३५ एमबी, चाळीस मिनिटांची एलपी झाली १.४ जीबीच्या आसपास. फ्लॅक (काहीही न हरवता फाईल लहान करणारा फॉरमॅट) केलं की यातलं बरंच वाचतं.

अजून एक, ऑडॅसिटीतला सॅम्पल रेट आणि कॉम्प्युटरच्या साउंड सेटिंगमधला इंटरफेसचा रेट एकच ठेवा. नाहीतर मधल्या मधे कॉम्प्युटर आपला आपण रेट बदलतो आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही.

लेव्हल किती ठेवायची?

सगळ्यात मोठ्या आवाजाला मीटर उणे ६ डेसिबलच्या आसपास जाईल अशी. शून्याला टेकला की आवाज वरून चपटा कापला जातो आणि ते नंतर दुरुस्त होत नाही, परत वाजवावी लागते. कमी राहिली तर काही बिघडत नाही, २४ बिट त्याचसाठी घेतलेत. रेकॉर्डमधलं सगळ्यात दणदणीत गाणं आधी थोडं वाजवून बघा, शेवटच्या जागा, सतार-सरोदचा ‘झाला’, कोरस असं काहीतरी, आणि मग गोळीला हात लावू नका, पूर्ण रेकॉर्ड त्याच लेव्हलवर.

मागे सारखा घूंऽऽ असा आवाज येतोय

अर्थिंग. टर्नटेबलची ती बारीक हिरवी किंवा काळी वायर प्रीॲम्पच्या ग्राउंडच्या स्क्रूला घट्ट लावा. तरी येत असेल तर लॅपटॉप चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा, पुष्कळदा गुन्हेगार तोच निघतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर घ्या, सिग्नलची वायर पॉवरच्या वायरीपासून लांब ठेवा. सॉफ्टवेअरमध्ये ५० किंवा ६० हर्ट्झचा नॉच फिल्टर (तेवढाच सूर कापणारा) मारता येतो पण मुळात घालवता येत असेल तर मुळातच घालवा.

रेकॉर्डिंग चालू असताना काय सांभाळायचं?

स्पीकर बंद, हेडफोनवर ऐका, कारण स्पीकरचा दणका जमिनीतून टर्नटेबलपर्यंत जातो आणि सुई तोही वाचते. झाकण कंपन धरत असेल तर काढून ठेवा. चालताना पावलं जपून. कॉम्प्युटरचे नोटिफिकेशन, स्लीप मोड, अपडेट सगळं बंद, आणि इंटरफेस हबमध्ये न लावता सरळ कॉम्प्युटरच्या पोर्टला. विंडोज असेल तर ऑडिओ एन्हान्समेंट बंद करा. सुई ठेवायच्या आधी रेकॉर्डिंग सुरू करायचं आणि उचलल्यावर बंद करायचं, एक पूर्ण बाजू एका फाईलमध्ये. गाण्यागणिक थांबू नका.

स्पीड एकदा तपासून घ्या, स्ट्रोब डिस्क (स्पीड बरोबर असला की दिव्याखाली जिच्या रेघा स्थिर दिसतात ती चकती) असेल तर सोपं. नाहीतर सूर अर्धा पाऊण चढलेला सगळा संग्रह तयार होतो आणि कळतं ते कुणीतरी सोबत वाजवायला बसल्यावर.

टकटक, खरखर किती काढायची?

कमीत कमी, आणि कॉपीवर. पहिली गोष्ट म्हणजे जसं रेकॉर्ड झालं तशी कच्ची फाईल बाजूला जपून ठेवा, तिला कधीच हात लावायचा नाही, पुढे दहा वर्षांनी चांगली सॉफ्टवेअर आली तर ती कच्ची फाईलच उपयोगी पडणार आहे.

मग कॉपीवर मोठे टक्क आवाज एकेक करून. ऑडॅसिटीत वेव्हफॉर्म खूप झूम केला की टोचल्यासारखा उभा काटा दिसतो, तेवढाच तुकडा, १२८ सॅम्पलपर्यंतचा, सिलेक्ट करून रिपेअर दाबा. वेळ जातो पण काम स्वच्छ होतं. पूर्ण फाईलवर चालणारं क्लिक रिमूव्हल किंवा क्लिकरिपेअर, विनाइलस्टुडिओ असली सॉफ्टवेअर वापरायची तर हलक्या सेटिंगपासून सुरुवात करा. तबल्याची चाट, सरोदवरचा जव्याचा आघात, ट्रम्पेटची धार, हेसुद्धा सॉफ्टवेअरला क्लिकच वाटतात आणि ते बिनदिक्कत खाऊन टाकतं. काय काढलं तेवढंच ऐकवायची सोय असेल तर ते जरूर ऐका. त्यात नुसती टकटक असेल तर ठीक, त्यात लय ऐकू आली की सेटिंग जास्त झालं.

आणि ती मागची सरसर? नॉइज रिडक्शन मारू का?

शक्यतो नको. सरसर आणि संगीताचे वरचे सूर एकाच जागी राहतात, एक काढलं की दुसरं थोडं जातंच. तानपुऱ्याची जवारी, झांजेची शेपटी, गायकाचा श्वास, हे आधी जातं. उरलेला आवाज पाण्याखालून आल्यासारखा लागतो. अगदीच असह्य असेल तर ४-५ डेसिबलच कमी करा, पूर्ण शांतता मागू नका. कान त्या सरसरीला दोन मिनिटांत सरावतो, बिघडलेल्या आवाजाला मात्र सरावत नाही.

एक फिल्टर मात्र बिनधास्त लावा, २० हर्ट्झच्या खालचं कापणारा हाय-पास. तिथे संगीत जवळपास नसतंच, वाकड्या रेकॉर्डची हेलकावणी आणि मोटरची गुरगुर असते, आणि स्पीकरचा वूफर विनाकारण पुढेमागे हलत राहतो.

रेकॉर्ड मोनो आहे, स्टिरिओत करू की मोनोत?

रेकॉर्ड करा स्टिरिओत, नंतर दोन्ही चॅनल एकत्र करून मोनो करा. मोनो रेकॉर्डमध्ये संगीत फक्त सुईच्या आडव्या हालचालीत असतं, धुळीने होणारी वरखाली हालचाल दोन चॅनलमध्ये उलटसुलट येते, त्यामुळे एकत्र केलं की ती आपसात वजा होते. फुकटात सरसर कमी. एक खाचेची भिंत जास्त खराब असेल तर फक्त चांगलं चॅनल ठेवायचं, हाही पर्याय हातात राहतो.

प्रत्येक बाजूचं शेवटचं गाणं फाटल्यासारखं का येतं?

बाहेरच्या कडेला सुईखालून सेकंदाला साधारण ५० सेंटिमीटर खाच सरकते, आत लेबलपाशी पोचेपर्यंत ते २० च्या आसपास येतं. तेवढंच संगीत अर्ध्याहून कमी जागेत कोंबलेलं असतं. थोडं फाटणं हे त्यामुळे विनाइलच्या स्वभावातच आहे, पण जास्त असेल तर सुई झिजलीय, कार्ट्रिज तिरकं आहे किंवा सुईत धूळ अडकलीय. तीनही तपासून परत वाजवा.

सुई एकाच जागी अडकते किंवा उडी मारते

आधी धुवून बघा, बऱ्याचदा घट्ट बसलेला कचराच असतो. तरी होत असेल तर अँटीस्केट थोडं कमीजास्त करून बघा, वजन कंपनीने दिलेल्या मर्यादेत वाढवून बघा. नाहीच जमलं तर तेवढा भाग दोनतीनदा रेकॉर्ड करून चांगले तुकडे जोडा. टोनआर्मच्या टोकावर नाणं ठेवून वाजवायची जुनी युक्ती करू नका. वाकलेली रेकॉर्ड उन्हात किंवा ओव्हनमध्ये सरळ करायला तर अजिबातच नाही.

गाणी वेगळी कशी करायची? आवाज सारखा कसा करायचा?

ऑडॅसिटीत जिथे गाणं सुरू होतं तिथे लेबल टाकत जा, कंट्रोल आणि बी, मग एक्स्पोर्ट करताना लेबलप्रमाणे वेगळ्या फाईल निघतात. मधल्या शांततेवरून आपोआप लेबल टाकायची सोय आहे पण संथ आलाप असला की ते मधेच गाणं संपलं समजतं, तपासा.

नॉर्मलाइज (सगळ्यात मोठा आवाज ठरलेल्या लेव्हलला आणणं) सगळ्यात शेवटी, आणि पूर्ण अल्बमवर एकदम, दोन्ही चॅनल मिळून. गाण्यागणिक केलंत तर हळुवार गाणं दणदणीत गाण्याइतकंच मोठं होऊन बसतं.

कुठल्या फॉरमॅटमध्ये ठेवू?

फ्लॅक. त्यात काहीही हरवत नाही, टॅग (गाण्याचं, गायकाचं नाव वगैरे) आणि कव्हरचा फोटो आत बसतो. ॲपलवाल्यांना एएलएसी. एमपीथ्री फोनवर ऐकायला काढा, पण त्यातून परत मागे जाता येत नाही म्हणून मूळ प्रत कधीच एमपीथ्री नको.

नावं त्याच दिवशी भरा, ‘साइड ए नवीन २’ असल्या फाईलींचा ढीग झाला की कुणीच नंतर बसत नाही. कव्हरचे पुढचे मागचे फोटो, लेबलचा फोटो, आणि लेबलच्या बाजूला कोऱ्या भागात कोरलेला मॅट्रिक्स नंबरही लिहून ठेवा, त्याच्यावरून डिस्कॉग्ज या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर नेमकी कुठली आवृत्ती ते सापडतं. साथीदारांची नावं कव्हरवर असतील तर तीही भरा, तेवढी माहिती दुसरीकडे सहसा मिळत नाही. टॅगसाठी एमपीथ्रीटॅग किंवा म्युझिकब्रेन्झ पिकार्ड.

बॅकअप तीन ठिकाणी, त्यातली एक प्रत घराबाहेर.

मित्रांना पाठवल्या किंवा नेटवर टाकल्या तर?

रेकॉर्ड तुमची असली तरी त्यातल्या संगीताचा हक्क तुमचा होत नाही. स्वतःच्या ऐकण्यासाठी प्रत करणंसुद्धा काही देशांत चालतं, काही देशांत नाही, तुमच्याकडचा कायदा बघून घ्या. नेटवर टाकायच्या तर हक्क संपलेत का ते आधी तपासा.

शेकडो रेकॉर्डी आहेत, सुरुवात कुठून करू?

चाळीस मिनिटांची एलपी म्हणजे चाळीस मिनिटं वाजवणं, धुणं सुकवणं वेगळं, एडिटिंग वेगळं, एका एलपीला दोन तास सहज धरा. म्हणून जी बाजारात डिजिटलमध्ये चांगली मिळते ती मागे टाका, आणि जी कुठेच मिळत नाही ती यादीत वर घ्या.

पण अगदी पहिली रेकॉर्ड मात्र अशी निवडा जी तुमच्याकडे सीडीवर किंवा चांगल्या डिजिटल प्रतीतही आहे. ती पूर्ण करा आणि दोन्ही सारख्या आवाजावर आलटून पालटून ऐका. बास जास्त वाटतोय का, डावं उजवं उलटं झालंय का, सूर चढलाय का, सगळं तिथल्या तिथे कळतं. सीडीसाठी आवाज परत मास्टर केलेला असू शकतो त्यामुळे थोडा फरक राहणारच, पण सेटिंगमधली चूक लपत नाही. ते पटलं की मग दुर्मिळ रेकॉर्डीला हात घाला.